अकरा फूट आणि नऊ टक्के

बलभीम सुरवसे हे नाव ऐकून त्यांना पहिल्यांदा भेटायला आलेली माणसं हमखास त्यांच्या मागे डोकावून बघतात. नावाला शोभेल असा कोणीतरी मागून येत असेल, अशी त्यांची समजूत असते. मागून कोणी येत नाही. बावन्न किलो वजनाचा, जाड चष्म्याचा, खिशात कायम मोजपट्टी बाळगणारा हा गृहस्थ म्हणजेच बलभीमराव, लोहाऱ्याच्या मोजणी कार्यालयातले भूकरमापक. सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि एवढ्या काळात एकही माणूस त्यांच्यावर खूश होऊन घरी गेला नाही. ज्याची जमीन कमी भरते तो चिडतो आणि ज्याची पुरी भरते तो म्हणतो, अजून थोडी निघायला पाहिजे होती.

या माणसानं गेल्या माघात विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. का घेतली म्हणाल, तर घेऊ नका असं सगळ्यांनी सांगितलं होतं, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. कार्यालयातले शिरस्तेदार सिद्धलिंगअप्पा तर म्हणाले, "सुरवसे, चार्जिंगला कुठं लावणार? मोबाइलसारखी उशाला घेऊन निजणार का?" तो दिवस शुक्रवार होता. शनिवारी बलभीमरावांनी गाडी बुक केली.

गाडी मोरपंखी रंगाची होती आणि चौघं बसली तर चौघांच्या गुडघ्यांची चांगली ओळख होईल एवढी होती. गल्लीनं तिला पहिल्याच संध्याकाळी 'डबी' असं नाव ठेवलं. बलभीमरावांनी आठ दिवस विरोध केला, नवव्या दिवशी तेच बायकोला म्हणाले, "डबीवर कापड टाकलंस का?"

खरी गंमत प्लग लावला तेव्हा सुरू झाली. ओसरीतल्या बटणाच्या बोर्डात प्लग घातला, बटण दाबलं, तर गाडीबरोबर आलेल्या चार्जरवर लाल दिवा. काढून घातला, पुन्हा लाल. शेवटी शेजारच्या आयुबभाईंना बोलावलं. आयुबभाईंचं मोटार वाइंडिंगचं दुकान. चाळीस वर्षांत आसपासच्या विहिरींतली एकही मोटार त्यांच्या हाताखालून गेली नाही असं नाही. त्यांनी बोर्डाला टेस्टर लावला, चष्मा कपाळावर चढवला आणि मयताची खबर सांगावी तशा आवाजात म्हणाले, "सुरवसेसाब, तुमच्या घराला अर्थिंगच न्हाय. तीन भोकं दिसत्यात, पर तिसरं निस्तं शोभेचं हाय."

"अहो, बावीस वर्षं सगळं चालतंय की या घरात!"

"बल्ब बिचारा गरीब असतो. काय बी न बोलता जळतो. ही गाडी शिकलेली हाय. ती आधी इचारती, माझं काय कमी-जास्त झालं तर जिम्मेदार कोण?"

बलभीमरावांना हे पटलं. जबाबदारी कोणाची हे आधी ठरवल्याशिवाय कामाला हात न लावणारी वस्तू त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती, आणि ती आपल्या घरची आहे याचा त्यांना मनातून अभिमानच वाटला.

मग दाराशेजारी, तुळशीपासून दोन हातांवर, पाच फुटांचा खड्डा खणला गेला. आयुबभाईंनी तळाला तांब्याचा पत्रा ठेवला, वर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे थर दिले आणि बजावलं, "रोज सकाळी एक घागर पाणी घालायचं. खड्डा सुकला की डबी रुसली म्हणून समजा." हे काम ओघानंच अयोध्याबाईंकडे, म्हणजे बलभीमरावांच्या पत्नीकडे आलं. त्या रोज आंघोळ करून तुळशीला पाणी घालायच्या आणि तिथूनच दोन पावलं सरकून खड्ड्याला. आठ दिवस गल्लीतल्या बायकांनी हे बघितलं. नवव्या दिवशी खड्ड्यावरच्या फरशीला हळदीकुंकू लागलेलं दिसलं, अकराव्या दिवशी जास्वंदीचं फूल. पुढच्या मंगळवारी पलीकडच्या आळीतली एक बाई येऊन अयोध्याबाईंना हळूच विचारून गेली की हे व्रत किती मंगळवारांचं असतं आणि मुलीच्या लग्नासाठी चालतं का. अयोध्याबाई दोन दिवस गावाला गेल्या तेव्हा आयुबभाईंच्या कुलसुमबींनी न सांगता खड्ड्याला पाणी घातलं आणि आल्यावर सांगितलं, "वैनी, फूल मात्र म्या वाहिलं न्हाय बगा. त्ये तुमचं तुमी वाहा."

अर्थिंग झालं, पण विजेचा मंजूर भार वाढवून घ्यायचा राहिला. मंजुरी नसताना प्लग लावणं बलभीमरावांच्या तत्त्वात बसेना. ते वीज कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं अर्ज बघितला आणि विचारलं, "पंप किती हॉर्सपॉवरचा?"

"पंप नाही, गाडी आहे."

"गाडी कुठल्या गटात हाय? विहीर का बोअर?"

अर्धा तास अशी चर्चा होऊन गाडी ही विहिरीवर नसून घरासमोर असते यावर एकमत झालं. मग बाबूनं जागेचा नकाशा मागितला, मोजणीदाराच्या सहीचा. बलभीमरावांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. तालुक्यात सही करणारे मोजणीदार ते एकटेच होते. दुसरी जागा रिकामी होती.

"मग काय, टाका की सही! तुमचंच घर, तुमचाच शिक्का," बाबू म्हणाला.

"माझ्या घराच्या नकाशावर माझी सही? उद्या मी माझ्या चारित्र्याचा दाखलासुद्धा स्वतःच लिहू का?"

हे ते एवढ्या जोरात म्हणाले की रांगेतल्या दोघांनी आपापले दाखले खिशात घातले. मग उमरग्याच्या मोजणीदारांना पत्र गेलं. ते येईपर्यंत तेवीस दिवस गेले. डबी दारात कापड पांघरून उभी. शोरूमनं भरून दिलेला चार्ज संपू नये म्हणून बलभीमराव रोज संध्याकाळी तिला फक्त कोपऱ्यापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. गल्लीतल्या म्हशींनी या आवाज न करणाऱ्या वस्तूला गाडी मानायलाच नकार दिला होता. हॉर्न वाजवला तरी त्या मान वळवून बघायच्या आणि पुन्हा रवंथ करायला लागायच्या. सिद्धलिंगअप्पा कार्यालयात रोज विचारायचे, "काय सुरवसे, आज कुठवर गेलता? कोपरा पार केला का?"

अखेर मंजुरी आली, हिरवा दिवा लागला, डबी पोटभर चार्ज झाली. पण तोवर गावानं दुसरा मुद्दा काढला होता. आमच्या भागात नवी गाडी घेतली की ती आधी तुळजापूरला नेतात. देवीसमोर तिची पूजा होते, चारी चाकांखाली लिंबं फुटतात, मग ती आपली झाली. तोवर कागद नावावर असला तरी गाडी शोरूमचीच. डबीला येऊन दोन महिने झाले होते आणि तिचं तुळजापूर झालेलं नव्हतं. जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटर. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं दोनशे तीस. बलभीमरावांनी स्वतः मोजून पाहिलं तेव्हा फार तर एकशे चौतीस भरत होतं, तेही हळू चालवून आणि एसीला हात न लावता.

"लिंबाशिवायची गाडी," सिद्धलिंगअप्पा सगळ्या कार्यालयादेखत म्हणाले, "आणि ती बी तुळजापूरला पोचत न्हाय. देवीनंच नको म्हणलं आसंल."

बलभीमराव उठून उभे राहिले. उभे राहिल्यानं फार फरक पडला नाही, पण आवाज कार्यालयभर गेला. "येत्या मंगळवारी तुळजापूरला जातो आणि त्याच दिवशी परत येतो. डबी स्वतःच्या चाकांवर जाईल आणि स्वतःच्या चाकांवर येईल. तिला कुणाचा दोर लागला, टेम्पो लागला, तर बुधवारी गाडी विकून टाकीन आणि रिटायर होईपर्यंत एसटीनं येईन!"

असं बोलून झाल्यावर माणसाला जे वाटतं ते त्यांनाही वाटलं, पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

घरी आल्यावर नकाशा पसरला. अयोध्याबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "येताना जळकोटला दादाच्या गिरणीत तासभर प्लग लावू की. वाटेवर तर हाय."

"जळकोटचं नाव काढू नकोस."

जळकोटचं नाव या घरात सहा वर्षं काढलं जात नव्हतं. अयोध्याबाईंचे थोरले भाऊ व्यंकटराव जळकोटचे. शेती, पिठाची गिरणी, आणि शरीर असं की बलभीम हे नाव चुकून दुसऱ्या घरी गेलं असं वाटावं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी बांधाच्या वादात मोजणी मागवली होती. शेजाऱ्यानं आपल्या रानात अतिक्रमण केलंय असं त्यांचं म्हणणं. बलभीमरावांनी साहेबांना लेखी कळवलं की ते माझे मेव्हणे आहेत, दुसरा माणूस पाठवा. दुसरा माणूस नव्हताच. त्यांनी मोजलं आणि निघालं उलटंच. व्यंकटरावच शेजाऱ्याच्या रानात अकरा फूट घुसलेले होते. त्या अकरा फुटांत, बांधापासून दहाव्या फुटावर एक डेरेदार चिंच होती, व्यंकटरावांच्या वडिलांनी लावलेली. ती शेजाऱ्याकडे गेली. त्या दिवशी व्यंकटराव भर रानात म्हणाले, "दाजी, आजपासून माझ्या घरचं पाणी तुम्हाला बंद आन् तुमच्या घरचं मला." बलभीमराव म्हणाले, "मंजूर." तेव्हापासून अयोध्याबाई माहेरी एकट्या एसटीनं जायच्या आणि दोन तासांत परत यायच्या. त्या त्यावर कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठरलं असं की येताना हायवेवरच्या एका हॉटेलात चार्जिंगचं मशीन आहे, तिथं अर्धा तास थांबायचं. मंगळवारी पहाटे आयुबभाई पांढरा सदरा घालून दारात हजर. बलभीमराव म्हणाले, "भाई, तुम्हीसुद्धा?"

"म्या अर्थिंग दिलंय डबीला. पहिल्या डाव एवढ्या लांब चालली. घरचं कुणी बरोबर नको?"

डबी निघाली. बलभीमरावांनी चाळीसच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. उसाचे रिकामे ट्रॅक्टर भोंगा वाजवत पुढे गेले, एक दूधवाला पुढे गेला आणि मागे वळून हसला. बलभीमरावांचं लक्ष फक्त टक्क्यांकडे. शेताच्या बांधावर साखळी धरून आकडे पुकारायची सवय, त्यामुळे ते मोठ्यांदा पुकारायचे, "शहाण्णव!" आणि मागून आयुबभाई "शहाण्णव," अशी नोंद घ्यायचे. जळकोट आलं तेव्हा बलभीमरावांनी मान उजवीकडे वळवली, कारण गाव डावीकडे होतं. तुळजापुरात शिरले तेव्हा बावन्न उरले होते. हिशोबात ते चोख बसत होतं.

पूजा सांगणाऱ्या गुरवानं गाडीला प्रदक्षिणा घातली आणि गोंधळून विचारलं, "हार इंजनाला घालायचा असतो. इंजन कुठंय?"

"इंजिन नाही."

"मग कुंकू कशाला लावू? तोंड कुठंय गाडीचं?"

इथं बलभीमरावांचा तोल गेला. कोणाला तरी डबीत खरा रस वाटतोय या आनंदात त्यांनी स्वतःच्या हातानं चार्जिंगचं झाकण उघडून दाखवलं. "हे तोंड. इथूनच सगळं पोटात जातं." गुरवानं भक्तिभावानं त्या तोंडाला हळद लावली, कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. लिंबं फुटली, नारळ फुटला. अयोध्याबाईंनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. एवढं काय मागितलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

परत निघताना ऊन रणरणत होतं. नेहमी खिडकीतल्या वाऱ्यावर खूश असणाऱ्या अयोध्याबाईंनी गाडीत बसताच एसी लावला, अठरावर. बलभीमरावांचा हात बटणाकडे गेला. "माझं डोकं दुखतंय," त्या म्हणाल्या. मागून आयुबभाई म्हणाले, "लावू द्या साब, वैनी कधी काय मागत्यात का?" हॉटेलात मशीन आहेच, असं म्हणून बलभीमरावांनी हात मागे घेतला, पण टक्के पुकारताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. हॉटेल आलं तेव्हा सतरा होते.

मशीन होतं. चालूही होतं. पण त्याची नळी डबीच्या तोंडात पूर्ण बसेचना. हॉटेलचा माणूस म्हणाला, "गाडीत फॉल्ट हाय." आयुबभाई म्हणाले, "मशीनमधी फॉल्ट हाय." दोघांची यावर चांगलीच जुंपली. तेवढ्यात मागं दुसरी गाडी आली, तिला नळी खटकन बसली, आणि आयुबभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वाद अर्धवट सोडला.

आता एसी बंद, खिडक्या उघड्या, डबी पंचवीसच्या वेगानं. जळकोटच्या फाट्यावर आली तेव्हा नऊ टक्के होते आणि लोहारा अजून बावीस किलोमीटर. बलभीमरावांनी खिशातल्या कागदावर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. नऊ टक्क्यांत बारा किलोमीटर होत होते. राहिलेले दहा कुठून आणायचे?

एक पिकअपवाला थांबला. "काय झालं काका? दोर हाय माझ्याकडं. लोहाऱ्यालाच चाललोय."

दोर! बलभीमरावांना सिद्धलिंगअप्पांचा चेहरा दिसला. "दोर नको!" ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले की पिकअपवाला दचकून निघून गेला.

फाट्यावर सावली नव्हती. अयोध्याबाई शांतपणे म्हणाल्या, "दोराचं बोललात, टेम्पोचं बोललात. प्लगाचं कुठं बोललात?"

"त्याच्या घरचं पाणी पिणार नाही असं ठरलंय."

"प्लगातनं काय पाणी येतं का? आन् गिरणी म्हंजी काय घर न्हाय."

यावर बलभीमरावांनी दोन मिनिटं कायदेशीर विचार केला. गिरणी बिगरशेती, घराच्या उताऱ्यात नाही. वीज हे पेय नाही. ते गाडीत बसले आणि गावात वळले.

व्यंकटराव गिरणीच्या दारात बाजेवर बसले होते, मिशीला पीठ. गाडी बघून ते उठले नाहीत.

"कोण हाय?"

"गिऱ्हाईक," बलभीमराव म्हणाले.

"काय दळायचंय?"

"दळायचं नाही. प्लग लावायचाय."

व्यंकटरावांनी बहिणीकडे बघितलं. बहिणीनं आभाळाकडे बघितलं. मग त्यांनी हातानंच बोर्ड दाखवला. डिकीतला चार्जर काढला, पण त्याचीही नळी डबीत बसेना. आता आयुबभाईंनी बॅटरी मारून तोंडात डोकावलं आणि कपाळाला हात लावला. "साब, ह्यात तर पुलाव हाय." आत एक तांदूळ आडवा अडकून बसला होता, कुंकवात माखून लाल झालेला. खराट्याची वाळकी काडी घेऊन आयुबभाईंनी तो अक्षतेचा दाणा शस्त्रक्रियेसारखा बाहेर काढला, आत कोरडं फडकं फिरवलं. नळी खटकन बसली. दिवा लागला. लाल.

"अर्थिंग," आयुबभाई म्हणाले. "खड्डा सुकलाय. पाणी घालावं लागंल."

गिरणीमागच्या खड्ड्यापाशी सगळे गेले. व्यंकटरावांनी घागर भरून आणली आणि खड्ड्याच्या काठावर थबकले. "दाजी, हे माझ्या घरचं पाणी हाय. तुमच्या गाडीसाठी घालू का?"

"मी पीत नाहीये. जमिनीला घाला. ही जागा तुमचीच आहे, मीच मोजलीय," बलभीमराव म्हणाले.

घागर रिकामी झाली, दुसरी झाली. हिरवा दिवा लागला. नऊचे दहा झाले. बलभीमराव डबीत जाऊन बसले, व्यंकटराव समोर बाजेवर. दोघांच्या मध्ये ऊन. पाहुणा दारात आलाय आणि त्याला पाणी विचारायचं नाही, हे व्यंकटरावांना किती जड जात होतं ते त्यांच्या पायांच्या चाळ्यावरून दिसत होतं. बलभीमरावांच्या घशाला कोरड पडली होती. अकरा झाले, बारा झाले. तासभर असंच चाललं असतं तर सगळं निभावलं असतं, पण चौदा झाले तेव्हा व्यंकटराव उठून बोर्डापाशी गेले आणि प्लगवर हात ठेवून उभे राहिले.

"दाजी, प्लग हाय तसा ऱ्हाऊ दे म्हणत असाल तर एक करा. एकदा माझ्या तोंडावर म्हणा, मोजणी चुकली हुती."

"चुकली नव्हती."

"सगळी न्हाय म्हणत म्या. अकराचे नऊ म्हणा. निस्तं तोंडानं. कागूद मागत न्हाय. नऊ म्हणलं की चिंच माझ्या बापाची ऱ्हाती. माझ्या मनाला तेवढंच."

आयुबभाई खाली बघू लागले. बलभीमरावांना सगळं दिसत होतं. चौदा टक्के, बावीस किलोमीटर, बुधवारी विकायला काढलेली डबी, पुढची आठ वर्षं एसटीच्या खिडकीतून बघणारे आपण आणि रोज "काय सुरवसे" म्हणणारे अप्पा. एक शब्द. दोन फूट. इथं ऐकायला तरी कोण होतं?

ते गाडीतून उतरले, बोर्डापाशी गेले, व्यंकटरावांचा तो भला मोठा पंजा बाजूला केला आणि स्वतःच्या हातानं प्लग उपसला.

"अकरा फूट म्हणजे अकरा फूट. तेव्हा अकरा होते, आज अकरा आहेत, मी मेल्यावर कोणी मोजले तरी अकराच भरतील. आयुबभाई, बसा. जिथं थांबेल तिथून ढकलत नेऊ. ढकललं तरी गाडी स्वतःच्या चाकांवरच चालते. दोर नाही लागत त्याला!"

त्यांनी नळी काढून चार्जर डिकीत टाकला, गाडी सुरू केली आणि रस्त्याकडे घेतली.

व्यंकटराव डबीच्या पुढे येऊन उभे राहिले. हॉर्न वाजला, ते हलले नाहीत.

"सहा वर्सं," ते म्हणाले, "सहा वर्सं म्या साऱ्या गावाला सांगत आलो की शेजाऱ्यानं दाजीचे हात ओले केले. मला बी तसंच वाटत हुतं. आन् हितं तुमी सोताच्या गाडीपायी दोन फूट सोडंना. मग त्याच्यासाठी काय सोडणार तुमी?" त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. पीठ होतं, त्याचा चिखल झाला. "उतरा. आणा तो प्लग हिकडं."

त्यांनी स्वतः प्लग लावला, आणि तो नीट बसलाय का हे तीनदा दाबून बघितलं.

आतून सारजाबाई आल्या, व्यंकटरावांच्या आई, वय ऐंशी, हातात तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा. त्यांनी लेकाकडे बघितलं, जावयाकडे बघितलं. "जमीन पाणी प्याली. तुमची ती डबी प्याली. तुमीच दोघं तेवढे तहानलेले का रं? जावईबापू, घ्या."

बलभीमरावांनी व्यंकटरावांकडे बघितलं. व्यंकटरावांनी बलभीमरावांकडे. आधी कोणी घ्यायचं हा नवाच वाद उभा राहणार, एवढ्यात आयुबभाईंनी हात पुढे केला. "आण अम्मा इकडं. माझं कुणाशीच भांडण न्हाय." ते घटाघटा प्यायले, आणि मग तांब्या आपोआपच पुढे सरकला.

तासाभरात एकवीस झाले. तेवढ्या वेळात आयुबभाईंनी दोन भाकरी आणि शेंगांची चटणी संपवली, सारजाबाई डबीत बसून दोनदा उतरल्या आणि "हिला आवाजच न्हाय, देवळात बसल्यागत वाटतंय," म्हणाल्या. अयोध्याबाई आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या होत्या, सहा वर्षांत पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता.

लोहारा रस्त्याला लागल्यावर बलभीमराव म्हणाले, "एसी लाव हवा तर. चार टक्के जास्तीचे आहेत."

"आता कशाला?" अयोध्याबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "आता डोकं न्हाय दुखत."

बलभीमराव आयुष्यभर मोजत आले होते. त्यांनी मनातल्या मनात मांडून बघितलं. तुळजापुरातले बावन्न, पासष्ट किलोमीटर, एसी नसता तर. तीन टक्के उरून डबी थेट लोहाऱ्यात पोचली असती, वाटेत कुठंही न थांबता. त्यांनी बायकोकडे बघितलं. मागच्या सीटवर आयुबभाई एकाएकी झोपेचं सोंग घेऊन घोरायला लागले.

उन्हं कलताना डबी गल्लीत शिरली, चार टक्क्यांवर, स्वतःच्या चाकांवर. कोपऱ्यावर सिद्धलिंगअप्पा भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम उभे होते. त्यांनी गाडीच्या पुढे बघितलं, मागे बघितलं, दोर कुठं दिसेना. बलभीमरावांनी खिडकी खाली केली, तुळजापूरचा प्रसाद त्यांच्या हातावर ठेवला आणि खिडकी वर केली. म्हशींनी मात्र आजही वाट दिली नाही.

घरात पाऊल टाकतायत तोच फोन वाजला.

"पोचलात का?" पलीकडून व्यंकटराव.

"पोचलो."

"कितीवर?"

"चार."

मागे गिरणी घरघरत होती. मग व्यंकटराव म्हणाले, "नऊ."

"अकरा," बलभीमराव म्हणाले.

"नऊ!"

"अकरा!"

फोन ठेवला गेला. अयोध्याबाई अर्थिंगच्या खड्ड्यात घागर ओतत होत्या, त्या तशाच थांबल्या. "काय म्हणत हुता दादा?"

"पुढच्या मंगळवारी जेवायला बोलावलंय," बलभीमराव म्हणाले, आणि डबीला प्लग लावायला गेले.